समुद्रातून आलेली चांदीची नाणी कशी ओळखतात? हिजरी १११३ च्या सुरती रुपयांची गोष्ट

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका नाण्यावरचं साल चुकीचं वाचलं आणि त्या चुकीच्या सालावर साडेतीन पानं लिहून काढली. पानं दिसायला छान होती. तक्ता होता, तळटीपा होत्या. मॅडमनी ती वाचली, नाणं भिंगाखाली धरलं आणि एकच प्रश्न विचारला, "याचा जुलूस सन काय आहे गं?"

मी बघितलं. ४६.

"मग हिजरी साल १११२ कसं असेल?"

साडेतीन पानं तिथेच संपली.

एम.एस्सी. रसायनशास्त्रात करून मी या विषयात आले, त्यामुळे चांदी मला माहीत होती, नाणं माहीत नव्हतं. तुमच्यापैकी बरेच जण उलट बाजूने येणार असतील, म्हणजे इतिहास येतो पण चांदीचं काय होतं ते माहीत नाही. दोघांनाही उपयोग व्हावा म्हणून हा लेख. यात मी एक खरं आणि गाजलेलं उदाहरण घेतलंय. श्रीलंकेच्या समुद्रात सापडलेले औरंगजेबाचे रुपये.

सापडले कुठे?

श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून काही मैलांवर ग्रेट बासेस नावाची खडकांची रांग आहे. त्यावर दीपगृह आहे, यावरूनच ती जागा जहाजांसाठी किती वाईट आहे ते कळावं. मार्च १९६१ मध्ये माइक विल्सन हा पाणबुड्या आणि चित्रपटकार दोन अमेरिकन मुलांबरोबर तिथे पाण्याखाली चित्रीकरण करत होता. तिथे त्यांना एक छोटी पितळी तोफ आणि चांदीची नाणी दिसली. विल्सनचा भागीदार म्हणजे लेखक आर्थर सी. क्लार्क. १९६३ मध्ये ही मंडळी पुन्हा तिथे गेली, आणि या वेळी सोबत पीटर थ्रॉकमॉर्टन होता. तुर्कस्तानातल्या केप गेलिडोन्याच्या बुडालेल्या जहाजावर काम केलेला हा माणूस, म्हणजे पाण्याखालच्या पुरातत्त्वाच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक. क्लार्कने या सगळ्यावर १९६४ मध्ये पुस्तकही लिहिलं.

नाणी सुटी होती, तशीच गोळ्यांच्या स्वरूपातही होती. एकेका पिशवीत हजार रुपये भरलेले. पिशवी कुजून गेली, पण आतली नाणी एकमेकांना आणि प्रवाळाच्या चुन्याला इतकी घट्ट चिकटली की पिशवीचा आकार तसाच राहिला. एक रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा धरला तर अशा एका पिशवीत साडेअकरा किलो चांदी.

नाणी वाचली तेव्हा कळलं की ती औरंगजेबाची आहेत, सुरतेच्या टांकसाळीतली आहेत, आणि साल हिजरी १११३ आहे. हे तीन शब्दांत सांगता येतं, पण तिथपर्यंत पोचायला काय काय करावं लागतं ते आता बघू.

नाण्यावर काय लिहिलेलं असतं?

औरंगजेबाच्या रुपयावर चित्र नसतं, फक्त फारसी मजकूर असतो. आधीच्या बादशहांच्या बऱ्याच नाण्यांवर कलिमा असे. नाणी कुणाच्याही हातात जातात, पायदळी येतात, म्हणून औरंगजेबाने तो बंद केला. त्याऐवजी एका बाजूला दोन ओळींचं पद्य असतं. बादशहाने जगात नाणं पाडलं असा त्याचा आशय. गंमत म्हणजे चांदीच्या नाण्यावर पौर्णिमेच्या चंद्राची उपमा असते आणि सोन्याच्या मोहरेवर सूर्याची. 'बद्र' शब्द दिसला की चांदीचा रुपया, 'मिहर' दिसला की मोहर. याच बाजूला हिजरी साल असतं.

दुसऱ्या बाजूला ठरलेला मजकूर असतो. 'जुलूस' म्हणजे राज्यारोहण. बादशहाच्या भरभराटीच्या राजवटीचं अमुक वर्ष, असा त्याचा अर्थ. 'ज़र्ब' म्हणजे ठसा मारला, आणि त्याच्या जोडीला टांकसाळीचं नाव. आपल्याला हवी असलेली तिन्ही उत्तरं, म्हणजे कोणाचं, कुठलं, कधीचं, या दोन बाजूंवर मिळतात.

पण एक अडचण आहे. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे कुठल्याही एका नाण्यावर पूर्ण मजकूर उमटत नाही. एकावर साल अर्धं कापलेलं, दुसऱ्यावर टांकसाळीचं शेवटचं अक्षर गायब. एकटं नाणं हातात आलं की आपण अर्धं वाक्य वाचतो आणि उरलेलं मनाने भरतो. शंभर नाणी असली तर एकाचं उजवं टोक आणि दुसऱ्याचं डावं टोक जोडून पूर्ण ठसा कागदावर उभा करता येतो. नाणी एकत्र सापडण्याचा हा पहिला फायदा.

दोन सालांची सांगड

आता माझी चूक. फारसी आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचतात. त्यातला दोन आणि तीन जवळजवळ सारखे दिसतात. उभ्या रेघेला वर दोन टोकं असली की दोन, तीन टोकं असली की तीन. माझ्या नाण्यावरचं तिसरं टोक गंजाने खाल्लं होतं. मी १११३ चं १११२ वाचलं.

औरंगजेबाची राज्यवर्षं १ रमजान १०६८ पासून मोजली जातात. रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. म्हणजे हिजरी वर्ष मोहरमला बदलतं आणि जुलूस सन रमजानला. त्यामुळे प्रत्येक हिजरी वर्षात दोन जुलूस सन येतात. कागद घेऊन मांडून बघा:

हिजरी १११२: मोहरम ते शाबान जुलूस ४४, रमजान ते जिल्हेज जुलूस ४५.
हिजरी १११३: मोहरम ते शाबान जुलूस ४५, रमजान ते जिल्हेज जुलूस ४६.
हिजरी १११४: मोहरम ते शाबान जुलूस ४६, रमजान ते जिल्हेज जुलूस ४७.

जुलूस ४६ स्पष्ट वाचता येत असेल तर हिजरी साल १११३ किंवा १११४ असू शकतं, १११२ अशक्य. शेवटचा आकडा दोन की तीन एवढीच शंका होती, म्हणजे तीन. मॅडमच्या प्रश्नात हे सगळं होतं. मात्र जुलूस ४५ असता तर १११२ आणि १११३ दोन्ही बसले असते, आणि मला प्रामाणिकपणे "१११२ किंवा १११३" असंच लिहावं लागलं असतं.

आणखी एक सावधगिरी. टांकसाळीत दोन्ही बाजूंचे ठसे वेगवेगळे असत आणि ते वेगवेगळ्या वेळी झिजत. कधी कधी जुना ठसा एका बाजूला आणि नवा दुसऱ्या बाजूला असंही होतं. म्हणून न जुळणारी सालं दिसली की लगेच "बनावट" म्हणायचं नाही. आधी आपलं वाचन तपासायचं, मग तशीच दुसरी नाणी आहेत का ते बघायचं.

इसवी सन काढताना

हिजरी वर्ष चांद्र असतं, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे ६२२ मिळवून भागत नाही. ढोबळ सूत्र असं: हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२. १११३ साठी १७०१.६ येतं. नेमकं बघायचं तर जंत्री उघडा. हिजरी १११३ हे ८ जून १७०१ ला सुरू झालं आणि मे १७०२ च्या अखेरीस संपलं. एखाद-दोन दिवसांचा फरक चंद्रदर्शनामुळे पडू शकतो. रमजान जानेवारी १७०२ च्या अखेरीस लागला. म्हणजे १११३ आणि जुलूस ४५ असलेला रुपया जून १७०१ ते जानेवारी १७०२ मधला, आणि १११३ व जुलूस ४६ असलेला त्यानंतरच्या चार महिन्यांतला. तीनशे वर्षांपूर्वीच्या वस्तूची तारीख काही महिन्यांपर्यंत आणता येणं ही चैन इतिहासात फार क्वचित मिळते.

इथे नवीन माणूस हमखास अडखळतो ती जागा सांगते. वरच्या तारखा ग्रेगोरियन आहेत. सुरतेच्या इंग्रज वखारीचे कागद बघायला गेलात तर इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, ११ दिवस मागे. शिवाय त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यांच्या कागदावरचा "फेब्रुवारी १७०१" म्हणजे आपला फेब्रुवारी १७०२. डचांच्या कागदांशी ताडून बघताना हे विसरलात तर एक अख्खं वर्ष हातातून निसटतं.

हाच काळ मराठी वाचकाला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये गेले आणि ताराबाईंनी लढा हातात घेतला. डिसेंबर १७०१ पासून जून १७०२ पर्यंत औरंगजेब विशाळगडाला वेढा घालून बसला होता. सुरतेत त्याच्या नावाचे रुपये पडत होते तेव्हा तो स्वतः सह्याद्रीत होता. नाण्यावरचं नाव बादशहाचं असलं तरी ते नाणं पाडायला चांदी आणणारा बहुतेक वेळा व्यापारी असे. परदेशी चांदी टांकसाळीत द्यायची, शुल्क भरायचं आणि रुपये पाडून घ्यायचे. म्हणून "औरंगजेबाचा खजिना" हे शब्द अशा नाण्यांसाठी वापरताना दहादा विचार करा.

पाण्याने काय केलं?

आता माझं माहेर, रसायनशास्त्र. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं. ऑक्सिजन मिळाला तर चांदीवर सिल्व्हर क्लोराइड बनतं, राखाडी आणि मेणासारखं मऊ. नाणं गाळात गाडलं गेलं आणि ऑक्सिजन संपला तर तिथले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात आणि चांदी काळी पडते. यावर प्रवाळाचा चुना चढतो. गोळ्यातली बाहेरची नाणी हा सगळा मार खातात आणि आतली वाचतात.

त्यामुळे वजन दोन्ही बाजूंनी फसवतं. एक ग्रॅम चांदीचं पूर्ण क्लोराइड झालं तर ते १.३३ ग्रॅम भरतं, सल्फाइड झालं तर १.१५ ग्रॅम. म्हणजे गंजासकट नाणं मूळ वजनापेक्षा जड लागू शकतं. गंज काढला की तेच हलकं होतं, कारण त्यातली चांदी गंजाबरोबर गेली. समुद्रातला रुपया दहा ग्रॅम भरला म्हणून "टांकसाळीने चांदी मारली" असं लिहू नका. वजनाच्या अभ्यासाला आतली, न गंजलेली नाणीच घ्यायची.

माझी दुसरी चूक याच खात्यात जमा आहे. मी एक्सआरएफ यंत्राखाली नाणं ठेवलं, जवळजवळ शुद्ध चांदी आली, आणि मी खूश. पण हे यंत्र फक्त वरचा पातळ थर बघतं, साधारण केसाच्या जाडीच्या आसपास. चांदीत थोडं तांबं असेल तर समुद्रात ते आधी विरघळून जातं. वर राहते ती जास्त शुद्ध चांदी. मी मोजली होती ती समुद्राने धुतलेली चांदी, सुरतेची नव्हे. मुघल रुपया मुळातच उत्तम चांदीचा असतो, पण "उत्तम" आणि "शंभर टक्के" यातला फरक अशा मोजणीतून कळत नाही.

सगळी एकाच सालाची का?

आता मुख्य मुद्दा. बाजारात फिरणारे रुपये गोळा करून पिशवी भरली तर त्यात काय असेल? सुरत, अहमदाबाद, बुऱ्हाणपूर, वेगवेगळ्या टांकसाळी. दहा-वीस वर्षांची सालं. काहींवर सराफांनी चांदी तपासायला मारलेल्या खुणा. ग्रेट बासेसच्या पिशव्यांत असा मिश्र माल नाही. एक टांकसाळ, एक साल, मोजून हजार. याचा सरळ अर्थ असा की ही नाणी बाजारात फिरलीच नाहीत. टांकसाळीतून निघाली, पिशवीत गेली, जहाजावर चढली.

असं का करत असतील? कारण त्या काळात नवा रुपया आणि जुना रुपया यांची किंमत सारखी नसे. चालू सालाचा ताजा रुपया पूर्ण किमतीला जाई. साल उलटलं की सराफ त्यावर बट्टा कापत, मग वजन तेवढंच का असेना. आपण "नावाला बट्टा लागला" म्हणतो तो हाच बट्टा. हजारो रुपये परगावी न्यायचे असतील तर व्यापारी ताजे पाडून घेणार आणि लवकरात लवकर खर्च करणार. पिशवीत वर्षभर ठेवून देणं म्हणजे बसल्या जागी नुकसान.

यावरून जहाज कधी बुडालं याचा अंदाज बांधता येतो. पण तो कसा लिहायचा याकडे लक्ष द्या. "जहाज जून १७०१ च्या आधी बुडालेलं नाही" हे विधान पक्कं आहे, कारण अजून न पाडलेलं नाणं बुडू शकत नाही. "जहाज १७०२ किंवा त्यानंतर लवकरच बुडालं" हे विधान बट्ट्याच्या तर्कावर उभं आहे. तर्क चांगला आहे, पण पहिल्या विधानाइतका पक्का नाही. प्रबंधात ही दोन विधानं एकाच वाक्यात, एकाच सुरात लिहायची नाहीत. परीक्षक तिथेच बोट ठेवतात, आणि बरोबर ठेवतात.

मी आता नाण्यांचा कुठलाही गट आला की चार प्रश्न वहीत वेगवेगळे लिहिते. कुठे आणि कधी पाडली? याचं उत्तर नाणी स्वतः देतात. कशी फिरली? याचं उत्तर गट देतो, एकटं नाणं देत नाही. जहाज कधी बुडालं? नाणी फक्त "याच्या आधी नाही" एवढंच सांगतात. जहाज कोणाचं होतं? इथे नाणी गप्प असतात. सुरती रुपये सुरतेचा व्यापारी नेई, डच नेत, इंग्रज नेत. त्यासाठी तोफा, नांगर, लाकूड आणि वखारींचे कागद बघावे लागतात.

आता उलटा विचार करा. समजा, १९६१ मध्ये ते गोळे कुणी फोडले असते, नाणी ॲसिडने चकाचक केली असती आणि एकेक करून विकली असती. प्रत्येक नाणं तेव्हाही सुरतेचं, १११३ चंच राहिलं असतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर शाबूत. पण "मोजून हजार", "एकच साल", "न फिरलेली" हे सगळं कायमचं गेलं असतं. माझ्याकडे अभ्यासाला आलेली दोन नाणी नेमकी तशीच होती. सुटी, घासलेली, "समुद्रातली आहेत" एवढंच सांगून दिलेली. साल बरोबर वाचल्यावरही मला त्यांच्याबद्दल दीड पानाच्या वर काही लिहिता आलं नाही. साडेतीन पानांची दीड पानं झाली, आणि ती दीडच खरी होती.

तुमच्यासाठी

कोकणात किंवा गोव्यात कुणाच्या जाळ्यात, वाळूत काळं पडलेलं नाणं आलं, तर दिवाळीला चांदीची भांडी घासतो तसं रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नका. तिसरं टोक तिथेच जातं. ते सुकू न देता ओलंच ठेवा, सापडलं ती जागा आणि दिवस लिहा, आजूबाजूला काय होतं त्याचा फोटो काढा. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, त्यामुळे पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि सराव करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज ही नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघून या. औरंगजेबाचा एखादा रुपया निवडा. आधी जुलूस सन वाचा, मग हिजरी साल, मग वरच्यासारखी ओळ कागदावर मांडा. दोन्ही सालं जुळली तरच पुढचं वाक्य लिहा.

पुढच्या लेखात गोळा न फोडता आतली नाणी कशी बघतात, ते क्ष-किरण चित्रांसह सांगेन. तोपर्यंत एक गृहपाठ: जुलूस ५० असलेल्या रुपयावर कोणती दोन हिजरी सालं येऊ शकतात?